संगणकाला लाकडी पेटी

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. त्या व्यवस्थेत सुतार हा थोरल्या कासेचा बलुतेदार होय. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीचे जू, घराचे आढे आणि लग्नाचे पाट या सर्वांसाठी गाव त्याच्याच दारी जाई. बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी या भागात त्याला मराठीत सुतार म्हणतात आणि कन्नडमध्ये बडिगेर. लोखंडी नांगर आला, रबरी चाकाची गाडी आली, मग ट्रॅक्टर आला आणि सुताराच्या हातचे काम एकामागून एक निघून गेले. शहरात फर्निचरचे काम आहे. पण ते बहुतांशी प्लायवूड कापून त्यावर सनमायका चिकटविण्याचे. लाकडाची जात, त्याची नस आणि त्याचा स्वभाव ओळखण्याचे ज्ञान त्यात फारसे लागत नाही. ज्या विद्येचा उपयोग होत नाही ती विद्या पुढच्या पिढीकडे जात नाही, हे वेगळे सांगावयास नको.

संगणकाच्या पेटीचा विचार या पार्श्वभूमीवर करावयाचा आहे. संगणक बाजारातून पत्र्याच्या पेटीत येतो आणि ती पेटी लाकडी पेटीहून स्वस्त पडते, हे प्रथमच कबूल केलेले बरे. पैसे वाचतील या आशेने कोणी लाकडी पेटी करू नये. परंतु जुन्या संगणकांचे चांगले भाग हाती आहेत आणि पेट्या मात्र गंजल्या वा पिचल्या आहेत, अशी स्थिती अनेक शाळांत व कार्यालयांत आढळते. घरच्या बैठकीत ठेवावयाचा संगणक दिसावयास बरा असावा, अशी हौसही लोकांना असते. अशा ठिकाणी गावच्या कारागिराला मानाचे आणि मोबदल्याचे काम मिळू शकते. मात्र ते काम देणाऱ्याला व घेणाऱ्याला काही गोष्टी माहीत असल्या पाहिजेत. त्यांपैकी एका गोष्टीशी माणसाच्या जिवाचा संबंध आहे.

कल्पना नवी नाही

नाजूक यंत्राला लाकडाचे घर देणे आपल्याकडे जुनेच आहे. पेटी या नावानेच ओळखली जाणारी हार्मोनियम तर घरोघर परिचित आहे. दिव्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, रेडिओची पेटी लाकडी असे. तो रेडिओ ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची पाठही आठवत असेल. समोरून लखलखीत पॉलिश आणि पाठीमागे भोके पाडलेली साधी पुठ्ठ्याची फळी. ती भोके कंजुषीची नव्हती. व्हॉल्व्ह तापत आणि त्यांची ऊन हवा बाहेर जाण्याची वाट तीच होती. पुढे १९७० व १९८० च्या दशकांत दूरदर्शन संचही सरकत्या झडपांच्या लाकडी पेट्यांतून घरांत आले.

संगणकाच्या बाबतीतही लाकूड आरंभापासून आहे. संगणकाचा पहिला ‘माऊस’ १९६४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी बनविला. त्याचे कवच लाकडाचे होते. १९७६ साली स्टीव्ह वोझ्निॲक यांनी रचना केलेला ‘ॲपल-१’ हा संगणक विक्रीस आला तेव्हा त्याला पेटीच नव्हती; गिऱ्हाइकाला मिळे तो केवळ जोडणी केलेला पट्ट. असे सुमारे दोनशे पट्ट तयार झाले आणि घेणाऱ्यांपैकी काहींनी आपापल्या परीने लाकडी पेट्या करून घेतल्या. घरी केलेल्या अशा लाकडी पेटीतील एक ॲपल-१ वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेला आहे. पेटी अगदी साधी आहे. आपल्याकडच्या कोणत्याही शिकाऊ सुताराला ती पाहून संकोच वाटू नये.

पत्रा जे न बोलता करतो

पत्र्याची पेटी म्हणजे केवळ झाकण, असा समज सर्वत्र आहे आणि चुकीचे काम तेथूनच सुरू होते. ती पेटी चार कामे करीत असते. भाग ठरलेल्या अंतरावर धरून ठेवते, हवेला वाट देते, विजेची गळती जमिनीत पोचविते आणि यंत्रातून निघणाऱ्या रेडिओ लहरी काही अंशी आत अडवून धरते. लाकूड यांपैकी पहिले काम चांगले करते, दुसरे करून घ्यावे लागते आणि उरलेली दोन ते मुळीच करीत नाही. लाकडी पेटी करणाऱ्याने ही कामे दुसऱ्या कोणाकडे तरी सोपविली पाहिजेत.

प्रथम मापे. १९९५ साली ठरलेल्या एटीएक्स या मानकाप्रमाणे मोठ्या मदरबोर्डचे माप ३०५ बाय २४४ मिलिमीटर असते. घरगुती व शालेय संगणकांत बहुधा मायक्रो-एटीएक्स, म्हणजे अधिकात अधिक २४४ बाय २४४ मिलिमीटर, आणि अगदी लहान यंत्रांत मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटरचा बोर्ड असतो. वीज पुरविणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो साधारण १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच व १४० लांब असतो. ही मापे जगभर एकच आहेत. त्यामुळे सुताराने एकदा लाकडी फर्मा करून ठेवला तर पुढच्या दहा पेट्यांना तोच उपयोगी पडतो.

पेटीच्या पाठीत एक अडचण दडलेली आहे. मदरबोर्डच्या मागील तोंडे ज्या आयताकृती खिडकीतून बाहेर येतात, तिचे माप १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटर ठरलेले आहे आणि ती खिडकी जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासाठी योजिलेली आहे. पाऊण इंची फळीत तेवढीच खिडकी कोरली तर वायरींची तोंडे आतच राहतात आणि दट्ट्या पुरता बसत नाही. पाठही लाकडाचीच हवी असा हट्ट धरला तर काम नासते. पाठ पत्र्याचीच असावी. जुन्या मोडक्या पेटीची पाठ आणि बोर्ड बसविण्याचे तबक सांभाळून कापून घेणे हा उत्तम मार्ग होय, कारण त्यांत सर्व भोके कारखान्यातच अचूक पाडलेली असतात. नवे करावयाचे तर बेळगावच्या उद्यमबागेत पत्रा कापून वाकवून देणारे कसबी लोक आहेत. पाठ व तबक काटकोनात वाकविलेल्या एकाच पत्र्याचे केले तर पुढच्या दोन अडचणी आपोआप सुटतात.

हवेची वाट

लोखंडी पत्र्यातून उष्णता लाकडापेक्षा अडीच-तीनशे पटींनी सुलभ वाहते. हा आकडा ऐकून लाकडी पेटीत संगणक जळून जाईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती अनाठायी आहे. पत्र्याच्या पेटीतही बहुतेक उष्णता भिंतीतून जात नाही. ती हवेबरोबर बाहेर पडते. तेव्हा प्रश्न हवेचा आहे.

हिशेब सोपा आहे. साधा संगणक १०० वॅट उष्णता निर्माण करतो असे धरू. आतील हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहून अधिक तापू द्यावयाची नसेल तर सेकंदाला सुमारे ८ लिटर हवा पेटीतून गेली पाहिजे. १२० मिलिमीटरचा एक पंखा मोकळ्या जागेत याच्या दुप्पट-तिप्पट हवा हलवितो. पण जाळी, वायरींचा गुंता आणि धूळ यांमुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच हाती लागते असे धरून चालावे. पंख्याचे तोंड सुमारे ११३ चौरस सेंटिमीटरचे असते. हवा आत येण्याच्या छिद्रांचे एकूण क्षेत्र त्याहून कमी असेल तर पंखा नुसता घरघरतो. शोभेसाठी समोरच्या फळीत चार बारीक फटी पाडणाऱ्याने त्या फटींचा गुणाकार करून पाहावा. दहा सेंटिमीटर लांब व अर्धा सेंटिमीटर रुंद अशा चार फटी मिळून वीसच चौरस सेंटिमीटर होतात.

हवा समोरून खालच्या अंगाने आत यावी आणि पाठीमागून वरच्या अंगाने बाहेर जावी. येणारी व जाणारी तोंडे शेजारीशेजारी ठेवल्यास तीच हवा फिरून आत येते. सीमाभागात धुळीचा विचारही करावा लागतो. निपाणीत तंबाखूच्या वखारी आहेत आणि तंबाखूची बारीक भुकटी जाळीवर बसली की तिचा थरच होतो. साखर कारखान्यांच्या हंगामात धुराड्यांची हलकी काजळी दूरवर उडते. आत येणाऱ्या तोंडावर बारीक जाळी असावी आणि ती स्क्रू न काढता हाताने ओढून झटकता यावी, म्हणजे ती झटकली जाण्याचा काही संभव राहील. स्क्रू काढून साफ करावयाची जाळी कोणी साफ करीत नाही, हा सर्व कार्यालयांचा अनुभव आहे.

अर्थिंग: येथे चूक नको

एसएमपीएसच्या आत, विजेतील खरखर जमिनीत सोडण्यासाठी, तारेपासून धातूच्या डब्याकडे जोडलेले लहान कपॅसिटर असतात. त्यांतून अत्यल्प प्रवाह सतत डब्यावर येत असतो आणि तीन दात्यांच्या प्लगमधील मोठ्या दात्यातून तो जमिनीत जातो. भिंतीतील अर्थची तारच नसेल तर त्या प्रवाहाला वाट राहत नाही आणि संगणकाच्या सर्व धातूवर २३० व्होल्टच्या सुमारे निम्मा दाब उभा राहतो. पत्र्याच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात त्या यामुळेच. ‘पेटी करंट मारते’ अशी तक्रार करणारा मनुष्य पेटीला दोष देतो. दोष भिंतीचा असतो.

लाकडी पेटी केली की या झिणझिण्या नाहीशा होतात आणि खरा धोका येथेच आहे. लाकडाने गळती थांबविलेली नसते, फक्त झाकलेली असते. मागची तोंडे, पडद्याच्या वायरीचे धातूचे टोक, यूएसबीची तोंडे यांवर तो दाब तसाच असतो. एका संगणकाची गळती बहुधा एक मिलिअँपिअरच्याही आत असते आणि ती एकटी असता जीवघेणी ठरत नाही. परंतु शाळेच्या प्रयोगशाळेत वीस संगणक एकाच बिनअर्थच्या वायरीवर जोडलेले असले म्हणजे त्या सर्वांची गळती एकत्र होते. दहा मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडविता येत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे शिक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

सबब लाकडी पेटीत पुढील जोडणी टाळता येत नाही. एसएमपीएसचा डबा धातूच्या स्क्रूंनी पत्र्याच्या पाठीला घट्ट बसवावा. रंग असेल तेथे खरवडून धातूला धातू भिडवावा. मदरबोर्ड पितळी खुंट्यांवर त्याच पत्र्याच्या तबकावर बसवावा. पाठ व तबक वेगळे असतील तर दोहोंना हिरव्या तारेने जोडावे आणि तारेच्या टोकांना कडीचे टर्मिनल दाबून बसवावे. नुसती गुंडाळलेली तार वर्षभरात सैल होते. समोर यूएसबीची तोंडे वा धातूची शोभेची पट्टी बसविली असेल तर तीही याच जाळ्यात यावी. चालू-बंद करण्याची समोरची कळ पाच व्होल्टचीच असते, तिची चिंता नको. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही कारणास्तव उघडू नये; बंद केल्यावरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

एवढे करूनही भिंतीत अर्थ नसेल तर सारे व्यर्थ आहे. खानापूरच्या बाजूला जांभ्या खडकाच्या जमिनीत चांगला अर्थ मिळणे कठीण जाते. निपाणी-चिकोडीकडील काळ्या जमिनीत तो सुलभ मिळतो. परंतु कोळसा-मीठ घातलेला खड्डाही चैत्र-वैशाखात कोरडा पडतो, म्हणून त्यात पाणी घालण्याचे काम कोणाकडे तरी नेमून दिलेले असावे. परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्यावी आणि शक्य तेथे ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारे आरसीसीबी बसवावे. पेटीवर झालेल्या खर्चापुढे हा खर्च अधिक वाटला तरी पेटी मागे ठेवावी आणि हा आधी करावा.

चौथ्या कामाविषयी थोडक्यात सांगता येईल. लाकडी पेटीतील संगणकाशेजारी मध्यम लहरींवर आकाशवाणी लावली असता खरखर ऐकू येण्याचा संभव असतो. फळ्यांना आतून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा लावून तो तबकाला जोडला तर ती पुष्कळ कमी होते. असा पत्रा एसएमपीएसच्या बाजूला तरी लावावाच, कारण एखाद्या वेळी तो डबा बिघडून तापल्यास लाकूड त्याच्या थेट समोर येऊ नये. डबा आणि फळी यांत दोन बोटांचे अंतर असावे.

लाकूड

येथून पुढे संगणक जुळविणाऱ्याने गप्प बसावे आणि सुताराचे ऐकावे.

सीमाभागाचे या बाबतीत भाग्य मोठे आहे. पश्चिमेस खानापूर-लोंढ्यापासून अळणावर-दांडेलीपर्यंत इमारती लाकडाचा मुलूख आहे. वखारीत गेले असता एकाच झाडाला दोन भाषांत दोन नावे ऐकू येतात. मराठी बिवळा तो कन्नड होन्ने, ऐन तो मत्ती, शिसव तो बीटे आणि फणस तो हलसू. पेटीसाठी सागवान उत्तम, कारण ते ऋतुमानाप्रमाणे कमी हलते. फणस दिसावयास सुरेख असून काळानुरूप मधासारखा रंग धरतो. शिवण हलकी व स्थिर आहे, हत्याराखाली सुखाने चालते. ऐन मजबूत खरा. पण जड, आणि नीट मुरला नसेल तर पिळवटतो. या कामासाठी तो घेऊ नये. आंब्याचे लाकूड स्वस्त म्हणून घ्यावे तर भुंग्याची बाधा आहे. लाकूड अधिकृत वखारीतून पावतीसह घ्यावे. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे मोडलेल्या जुन्या घराचे दार, तुळई किंवा फडताळ. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेले सागवान जेवढे मुरलेले असते तेवढे कोणत्याही भट्टीत वाळविलेले नसते. त्यातील खिळे मात्र शोधून काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते जाते.

नवी फळी असेल तर ती मुरली की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. सावलीत पट्ट्यांवर रचून ठेवलेल्या फळ्यांतील एक निवडून दर आठवड्यास तिचे वजन करावे. वजन उतरावयाचे थांबले म्हणजे फळी तेथील हवेशी समतोल झाली. एक इंच जाडीस एक वर्ष हा जुना ठोकताळा आजही खोटा ठरलेला नाही.

मात्र मुरलेले लाकूडही स्तब्ध राहत नाही. बेळगाव जिल्ह्यात हे अधिकच जाणवते, कारण जांबोटी-कणकुंबीकडे पावसाची झड लागलेली असते तेव्हा अथणी-रायबागकडे आभाळ कोरडे असते. हवेतला ओलावा वाढला की लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगते. रेषेच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलतच नाही. सागवानासारख्या शांत लाकडाची ३० सेंटिमीटर रुंद फळी घेऊ. तिच्यातील ओलाव्याचे प्रमाण उन्हाळ्यात १० टक्के आणि पावसाळ्यात १५ टक्के झाले असे मानले तर ती रुंदीत अडीच ते तीन मिलिमीटर वाढते. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या रेषेत चिरलेली असेल तर त्याच्या निम्मीच वाढते. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे संगणक जुळविणाऱ्याला वाटेल. परंतु फळी फुगावयाची थांबत नाही. तिला चहूबाजूंनी स्क्रूंनी जखडले तर ती स्वतः फाटते, नाहीतर ज्याला जखडले आहे त्याला वाकविते. मदरबोर्ड अशा फळीवर थेट बसविला तर वाकणारी वस्तू मदरबोर्ड असेल. त्यावरील केसाएवढे सांधे एकदा तुटले की दोष शोधता शोधता महिना जातो आणि लाकडावर कोणाचा संशयही जात नाही.

दाराच्या झडपेत मोठी फळी चौकटीच्या खोबणीत सैल बसविण्याची आपल्या पूर्वजांची रीत याच ज्ञानातून आलेली आहे. पेटीसही तीच रीत लावावयाची.

जोडणी

मायक्रो-एटीएक्स बोर्डासाठी हार्मोनियमसारखी आडवी पेटी सोयीची. आतील माप रुंदीस ४३०, खोलीस ३६० आणि उंचीस १५० मिलिमीटर धरावे. डावीकडे मदरबोर्ड, उजवीकडे एसएमपीएस, समोर १२० मिलिमीटरचा पंखा आणि बोर्डाच्या मागील खिडकीच्या वर ८० मिलिमीटरचा दुसरा पंखा एवढे त्यात मावते. एसएमपीएसचा स्वतःचा पंखा वरच्या अंगास ठेवावा. त्याच्या वर दोन इंचांहून थोडी अधिक जागा मोकळी राहते.

दोन बाजू आणि समोरची फळी पाऊण इंची घ्यावी आणि तिन्ही फळ्यांची रेषा आडवी, पेटीभोवती फिरणारी ठेवावी. असे केले म्हणजे पावसाळ्यात तिन्ही फळ्या उंचीतच आणि सारख्याच वाढतात, कोपरे ओढले जात नाहीत. कोपऱ्यांना कबुतराच्या शेपटीसारखे दाते कापून, म्हणजे डव्हटेल सांध्याने, जोडल्यास खिळा लागत नाही. तिन्ही फळ्या एका चिरलेल्या फळीतून ओळीने घेतल्या तर रेषा कोपरा वळून पुढे गेल्यासारखी दिसते. चांगल्या सुताराचे काम तेथेच ओळखू येते.

तळाला १२ मिलिमीटरचे प्लायवूड खोबणीत बसवावे. प्लायवूडविषयी आरंभी थोडे उणे बोलले गेले असले तरी येथे तेच योग्य, कारण त्याचे थर एकमेकांच्या आडवे असल्याने ते जवळजवळ हलत नाही. त्यावर पत्र्याचे तबक. पाठीचा पत्रा बाजूच्या फळ्यांतील उभ्या खोबणीत वरून सरकवावा आणि खालीच पक्का करावा. वर स्क्रू लागलाच तर पत्र्यातले भोक गोल न ठेवता उभे लांबट ठेवावे. बाजूच्या फळ्या उंचीत दीड मिलिमीटरपर्यंत हलतील आणि पत्रा जागचा हलणार नाही.

झाकण चौकटीचे करावे आणि मधली फळी खोबणीत सरस न लावता बसवावी. येथे महिना पाहावा लागतो. चैत्रात केलेल्या झाकणात फळीच्या दोन्ही कडांना दीड-दोन मिलिमीटर मोकळीक सोडावी, कारण ती फुगणार आहे. तेच झाकण श्रावणात केले तर मोकळीक नाममात्र पुरे. पण फळीची कड खोबणीत खोलवर गेलेली असावी, कारण हिवाळ्यानंतर ती आकसून बाहेर डोकावेल. हे शिकविण्यास पुस्तक लागत नाही. पण हे ठाऊक असलेले हात आता मोजकेच राहिले आहेत.

कापण्याचे, भोके पाडण्याचे व घासण्याचे सर्व काम संपवून, पेटी ओल्या फडक्याने पुसून व वाळवून मगच बोर्ड आत आणावा. पत्र्याचा एक बारीक कीस दोन सांध्यांच्या मध्ये पडला तरी बोर्ड निकामी होऊ शकतो. बोर्डाला हात लावण्यापूर्वी अर्थ असलेल्या धातूस स्पर्श करावा. फिरणारी हार्ड डिस्क लाकडावर न ठेवता तबकावर ठेवावी. तिची उष्णता पत्रा घेतो.

लाखेचे पॉलिश किंवा जवसाचे तेल, दोन्ही चालतात. आतून व बाहेरून सारखाच हात द्यावा. एकाच बाजूस पॉलिश केलेली फळी दुसऱ्या बाजूने ओलावा पिते आणि वाकते. जवसाच्या तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना तापते आणि ढिगात ती उष्णता कोंडून बोळा आपोआप पेटतो. भुशाने भरलेल्या सुताराच्या खोलीत तर विशेषच. बोळे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत.

तपासणी

संगणक सुरू करण्याआधी वायरमनकडून दोन ठिकाणे पाहून घ्यावीत. प्लगच्या मोठ्या दात्यापासून पाठीच्या पत्र्यापर्यंत आणि तेथून तबकापर्यंत वीज अखंड वाहिली पाहिजे. नंतर झाकण लावून दोन तास काम चालू ठेवावे व बाहेर पडणाऱ्या हवेपाशी साधा तापमापक धरावा. खोलीपेक्षा दहा-बारा अंशांहून अधिक ऊन असेल तर हवा येण्याचे तोंड वाढवावे; दुसरा पंखा विकत घेण्याआधी हे करून पाहावे. झाकण उघडे ठेवून केलेली तपासणी ही तपासणी नव्हे.

पहिला पावसाळा गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, पेटी एकदा उघडावी. झाकणातील फळीच्या कडेची फट मोजावी, पितळी खुंट्या व हिरव्या तारेची टर्मिनले घट्ट आहेत की नाहीत ते पाहावे, जाळी धुवावी. लाकूड कोणते, कोणत्या महिन्यात जोडले, फट किती सोडली होती आणि आता किती भरली, एवढे एका कागदावर सुताराने स्वतः लिहून तो कागद झाकणाच्या आतील बाजूस चिकटवावा, म्हणजे पुढची पेटी करताना त्याला तो पाहता येईल.